टिल फ्रायडे की बाय फ्रायडे? गोंधळ घालणारे इंग्रजी शब्द वेगळे कसे करायचे

'फॉर्म शुक्रवारपर्यंत पाठवा' हे इंग्रजीत लिहायची वेळ आली की मराठी माणसाचा हात हमखास 'टिल फ्रायडे'कडे वळतो. वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते असं, की शुक्रवार उजाडेपर्यंत फॉर्म पाठवतच राहा. हवं होतं 'बाय फ्रायडे'. कॉम्प्युटर इथे लाल रेघ मारत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत आणि दोन्हींचं स्पेलिंग बरोबर आहे.

अशा जोड्यांच्या याद्या सगळीकडे मिळतात. त्या पाठ करूनही चुका तशाच राहतात, कारण यादी सगळ्या जोड्यांना एकच औषध देते. 'स्टेशनरी'ची चूक कानामुळे होते, 'टिल'ची मराठीमुळे, 'ॲडव्हाइस'ची व्याकरणामुळे. म्हणून आधी स्वतःच्या चुका गोळा करायच्या, मग कारण बघून त्यांची वाटणी करायची आणि त्यानंतरच उपायाला हात घालायचा. पहिले दोन टप्पे कंटाळवाणे आहेत. ते गाळले तर पुढचे सहा फुकट जातील.

तयारी

चार गोष्टी जवळ हव्यात.

एक, शंभर पानी वही. मोबाइलमधली नोंद चालत नाही, कारण तिथे स्पेलिंग कीबोर्डच पुरवतो.

दोन, इंग्रजी-इंग्रजी लर्नर्स डिक्शनरी. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांच्या अशा डिक्शनऱ्या इंटरनेटवर मोफत आहेत. शब्द नाम आहे की क्रियापद, त्याचं अनेकवचन होतं की नाही, उच्चार कसा, हे सगळं तिथे उदाहरणाच्या वाक्यासकट मिळतं. इंग्रजी-मराठी कोश या कामाला घेऊ नका. तो 'शेड'समोर 'सावली' देतो आणि 'शॅडो'समोरही 'सावली'च, म्हणजे गोंधळ होता तिथेच राहतो.

तीन, तुमचं स्वतःचं लिखाण. कामाच्या शेवटच्या 20 ई-मेल काढा. विद्यार्थी असाल तर लाल शाईने तपासलेल्या उत्तरपत्रिका सगळ्यात उत्तम. व्हॉट्सॲपवरच्या गप्पा नकोत. तिथे सगळेच घाईत असतात, त्यामुळे चूक अज्ञानाची की घाईची ते कळत नाही.

चार, रोजची 15 मिनिटं, साधारण तीन आठवडे.

हा लेख देवनागरीत आहे, त्यामुळे इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग झाकलं गेलं आहे. त्याचा फायदा उठवा. वाचताना शेजारी कागद ठेवा आणि प्रत्येक इंग्रजी शब्द रोमन अक्षरांत लिहून बघा. हात जिथे अडखळेल तो शब्द थेट वहीत घ्या.

टप्पा 1 : स्वतःच्या चुका गोळा करा

ई-मेल उलट्या क्रमाने वाचा, म्हणजे शेवटचं वाक्य आधी, मग त्याच्या आधीचं. सरळ वाचलं की मन अर्थाच्या ओघात पुढे जातं आणि 'युअर'च्या जागी काय लिहिलंय ते डोळ्याला दिसतच नाही.

ज्या शब्दाला जुळा भाऊ आहे अशी शंका येईल त्याच्याभोवती गोल करा. मोठ्या शब्दांच्या मागे लागून छोटे सोडू नका. 'देअर', 'इट्स', 'सिन्स', 'बाय' हेच दिवसातून दहादा येतात. गोल केलेला शब्द सुटा उतरवू नका, अख्खं वाक्य उतरवा. चूक शब्दात नसते, तो कुठे बसवला त्यात असते.

20 ते 25 वाक्यं निघाली की थांबा. चाळीसच्या वर निघाली तर ज्या चुका दोनदा झाल्यात तेवढ्याच ठेवा.

*सावधान:* 'गोंधळाचे 500 शब्द' अशी तयार यादी समोर घेऊन बसू नका. त्यातल्या साडेचारशे जोड्यांत तुमचा गोंधळ नसतोच. 'अँगल' आणि 'एंजल' रोज शेजारी शेजारी वाचले तर मात्र नसलेला गोंधळ नव्याने सुरू होतो.

टप्पा 2 : चूक का झाली ते ठरवून चार ढीग करा

प्रत्येक वाक्याला हे प्रश्न याच क्रमाने विचारा.

1. दोन्ही शब्द मोठ्याने म्हटले तर माझ्या तोंडून ते सारखेच येतात का? आले तर कानाचा ढीग.
2. दोन्हींचा मराठी अर्थ सांगताना माझ्याकडून एकच शब्द निघतो का? निघाला तर मराठीचा ढीग.
3. दोन्ही एकाच मुळातून आलेत, फक्त शेपूट वेगळं आहे का? तर घराण्याचा ढीग.
4. हा शब्द मी मराठी बोलतानाही सर्रास वापरतो का? तर घरजावयांचा ढीग. हे शब्द इंग्रजीतून आले, आपल्याकडे राहिले आणि इथल्या वळणाचे झाले.

एखादा शब्द दोन ढिगांत बसेल. तो दोन्हीकडे लिहू नका. ज्या कारणाने चूक जास्त वेळा होते तिथे एकदाच लिहा.

*तपासा:* कानाचा आणि मराठीचा हे दोन ढीग बहुधा सगळ्यात मोठे निघतील. घराण्याचा ढीग सगळ्यात मोठा निघाला तर पुन्हा एकदा मोठ्याने वाचून बघा. त्यातले काही शब्द खरं तर कानाचे असतात.

टप्पा 3 : कानाचा ढीग

इथे दोन वेगळी दुखणी आहेत. आधी ती सुटी करा.

फक्त आपल्या तोंडात सारखे होणारे शब्द. इंग्रजीत 'ए'सारखे दोन स्वर आहेत. एक आखूड आणि जागच्या जागी थांबणारा, दुसरा लांब आणि शेवटी 'इ'कडे घसरणारा. मराठीत 'ए' एकच. त्यामुळे 'लेट' म्हणजे उशीर आणि 'लेट' म्हणजे करू देणे, दोन्ही आपण एकाच आवाजात म्हणतो आणि एकसारखेच लिहितो. अशा शब्दांची रांगच लागते. पेपर म्हणजे कागद आणि पेपर म्हणजे मिरी. टेस्ट म्हणजे चव आणि टेस्ट म्हणजे चाचणी. एज म्हणजे वय आणि एज म्हणजे कड. डेट म्हणजे तारीख आणि डेट म्हणजे कर्ज; अर्थपानावरच्या 'डेट फंड'चा तारखेशी काही संबंध नाही, तो कर्जरोख्यांत पैसे गुंतवणारा फंड. 'बेल'मध्ये तर घंटा आणि जामीन दोघे आहेत, वर महादेवाला वाहायचं पान आपलं घरचं.

उपाय तोंडाचा आहे. लांब स्वराच्या शब्दात मुद्दाम 'इ' जोडून म्हणा: ले-इट, डे-इट, टे-इस्ट, पे-इपर. आखूड स्वराच्या शब्दात 'ए' तिथल्या तिथे तोडा. डिक्शनरीतलं स्पीकरचं चिन्ह दाबून दोन्ही ऐका, मग स्वतःचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून ताडून बघा. तोंडाला फरक कळला की स्पेलिंगही सुधारतं. लांब घसरणाऱ्या आवाजाला स्पेलिंगमध्ये बहुतेक वेळा 'ए' हे अक्षर असतं, एकतर सोबत 'आय' घेऊन किंवा शब्दाच्या शेवटी 'ई' ठेवून. आखूड आवाजाला बहुधा एकटं 'ई'. कर्जाच्या 'डेट'मध्ये 'टी'च्या आधी न बोलणारा 'बी' दडलेला आहे, तो विसरू नका.

'व' आणि 'व्ह'चंही असंच. लिहिताना आपण ते नीट वेगळे लिहितो, बोलताना एक करून टाकतो. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत. 'वेस्ट' म्हणताना ओठ गोल होतात आणि दात कुठेच टेकत नाहीत.

इंग्रजांच्याही तोंडात सारखे असलेले, किंवा लिहिताना गंडणारे शब्द. इथे कान सुधारून उपयोग नाही. स्पेलिंगला खुंटी हवी, म्हणजे ते लक्षात ठेवायची खूण. एक नियम पाळा: जोडीतल्या एकाच शब्दाला खुंटी ठोका. दोघांना ठोकली की आठ दिवसांनी कुठली खुंटी कुणाची तेच आठवत नाही. ज्याला खुंटी नाही तो आपोआप दुसरा.

- स्टेशनरी. वह्या-पेनांच्या स्टेशनरीच्या शेवटी 'ई-आर-वाय'. बेकरी, ग्रोसरी आणि ही स्टेशनरी, तिन्ही दुकानातल्या गोष्टी आणि तिन्हींचं शेपूट एकच. जागच्या जागी उभ्या गाडीची स्टेशनरी 'ए-आर-वाय'ची.
- प्रिन्सिपल. 'तत्त्व' या अर्थाचा शब्द 'एल-ई'ने संपतो, 'रूल'सारखाच. उरलेला 'ए-एल'चा सगळा 'मुख्य' या अर्थाचा: कॉलेजचे प्राचार्य तोच आणि कर्जाची मुद्दलही तोच. गृहकर्जाच्या हप्त्याच्या तक्त्यात व्याजाशेजारी हा दुसराच असतो.
- कॉम्प्लिमेंट. 'पूरक' असलेल्याच्या मधोमध 'ई', कारण तो 'कम्प्लीट' करतो. लॉजमध्ये फुकट मिळणारा कॉम्प्लिमेंटरी नाश्ता 'आय'चा.
- डेअरी आणि डायरी. डेअरीच्या मध्यात 'एअर' हा अख्खा शब्द बसलाय: ए, आय, आर. डायरीत 'आय' आधी येतो.
- लूज आणि लूझ. सैल कपड्यात जागा जास्त, म्हणून 'ओ' दोन. गमावणे या अर्थाच्या शब्दातला एक 'ओ' गमावलाय. त्यातला 'एस' बोलताना 'झ' होतो म्हणून 'झेड' लिहू नका.
- डिझर्ट आणि डेझर्ट. जेवणानंतरच्या गोडाला दोन 'एस'. गोड दोनदा वाढून घेतात. वाळवंट एका 'एस'वर भागवतं.
- ॲक्सेप्ट आणि एक्सेप्ट. वगळण्याचा 'एक्सेप्ट' 'एक्झिट'सारखा 'ई-एक्स'ने सुरू होतो. दोन्हींत माणूस बाहेर. 'एक्स्पेक्ट' म्हणजे अपेक्षा करणे हा तिसराच, पण घाईत तोही यात घुसतो.

'इट्स', 'युअर' आणि 'देअर' यांना खुंटी नको, ते फोडून बघा. वरचा तुटक स्वल्पविराम (अपॉस्ट्रॉफी) म्हणजे गळलेलं अक्षर. तिथे 'इट इज', 'यू आर', 'दे आर' असं पूर्ण लिहून वाक्य चालतं का बघा. चाललं तर तुटक चिन्ह हवं, नाही तर नको. 'कंपनी आणि तिचे कर्मचारी' मधल्या 'तिचे'ला चिन्ह कधीच नाही, कारण 'कंपनी अँड इट इज एम्प्लॉइज' कुणी म्हणत नाही.

*तपासा:* घरातल्या कुणाला तरी वाक्यं वाचायला सांगा, तुम्ही श्रुतलेखनासारखी लिहा. सुटे शब्द घालायला सांगू नका. नुसतं 'प्रिन्सिपल' ऐकून कुणालाच ठरवता येणार नाही.

टप्पा 4 : मराठीचा ढीग

इथे स्पेलिंग बरोबर असतं, उच्चारही बरोबर असतो, शब्दच चुकतो. मराठीचा एक शब्द इंग्रजीत दोन-तीन शब्दांत विभागला गेलेला असतो आणि आपण त्यातला पहिला सुचलेला उचलतो. व्याख्या पाठ करण्यापेक्षा वाक्य मराठीतच थोडं बदलून बघा. फरक तिथेच उघडा पडतो.

पर्यंत. 'शुक्रवारपर्यंत'च्या जागी 'शुक्रवारच्या आत' घालून बघा. 'फॉर्म शुक्रवारच्या आत पाठवा' चालतं, म्हणून 'बाय'. 'दुकान शुक्रवारच्या आत बंद राहील' चालत नाही, म्हणून 'टिल' किंवा 'अन्टिल'. म्हणजे काम एकदा होऊन संपत असेल तर 'बाय', तोवर चालूच राहत असेल तर 'टिल'. वाक्यात नकार असेल तर मात्र ही चाचणी फसवते. 'शुक्रवारच्या आत पाठवू नका' मराठीत छान चालतं, तरी इंग्रजीत 'डोन्ट सेंड इट टिल फ्रायडे'च लिहायचं. ठिकाणाच्या 'पर्यंत'ला, म्हणजे 'मी पुण्यापर्यंत येतो'सारख्या वाक्यात, 'ॲज फार ॲज पुणे' हे सगळ्यात सुरक्षित.

पासून. 'पासून'च्या आधी काय आहे ते बघा. मोजलेला काळ असेल, जसं तीन वर्षं, दोन तास, आठवडा, तर 'फॉर'. कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवता येईल अशी जागा असेल, जसं 2019, सोमवार, सकाळचे दहा, तर 'सिन्स'. काम आता व्हायचंय आणि फक्त सुरुवात सांगायची असेल, जसं 'शाळा सोमवारपासून', तर 'फ्रॉम'. या जागी आणखी एक चूक सोबतीला येते. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स थ्री इयर्स' मध्ये 'सिन्स'ही चूक आणि 'ॲम वर्किंग'ही. बरोबर वाक्य: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर थ्री इयर्स.' 'सिन्स'चं 'फॉर' केलं आणि क्रियापद तसंच ठेवलं तर दुरुस्ती अर्धीच झाली.

उसने. 'कॅन यू बॉरो मी युअर पेन' हे वाक्य वर्गावर्गातून ऐकू येतं. मराठीत 'उसने' दोन्हीकडे तेच राहतं आणि 'घेणे-देणे' बदलतं. इंग्रजीत शब्दच बदलतो. वाक्याचा कर्ता कोण ते बघा. वस्तू कर्त्याकडे येत असेल तर 'बॉरो', कर्त्याकडून जात असेल तर 'लेंड'. पेन मागायचंय आणि कर्ता 'यू' आहे, म्हणजे पेन त्याच्याकडून जाणार, म्हणून 'कॅन यू लेंड मी'. कर्ता 'आय' केला तर 'कॅन आय बॉरो'.

आठवण. मराठी वाक्यातलं क्रियापद बघा. आठवण *आहे*, म्हणजे डोक्यात आहे: 'रिमेंबर'. आठवण *करून देणे*, म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यात घालणे: 'रिमाइंड'. आठवण *येते*, म्हणजे जीव लागलाय: 'मिस'. परगावी शिकणाऱ्या मुलाला 'आय रिमेंबर यू' लिहिलं तर 'तू कोण ते माझ्या लक्षात आहे' एवढाच अर्थ निघतो.

खात्री. खात्री *करणे*, म्हणजे गोष्ट होईल असं बघणे: 'एन्शुअर'. खात्री *देणे*, तीही माणसाला: 'अशुअर'. 'अशुअर'च्या पुढे माणूस नसेल तर वाक्य लंगडं पडतं. 'इन्शुअर' विम्याच्या कामाला राखून ठेवा.

बघणे. इथे मराठी उलट मदत करते. 'दिसलं' म्हणजे 'सी', 'बघितलं' म्हणजे 'लुक ॲट', 'बघत बसलो' म्हणजे 'वॉच'. ऐकण्याचंही तसंच: 'ऐकू आलं' म्हणजे 'हिअर', 'कान देऊन ऐकलं' म्हणजे 'लिसन टू'. 'लिसन'नंतरचा 'टू' गाळला जातो, तो लिहायची सवय ठेवा.

बंद आणि भरणे. दार 'क्लोज', दिवा आणि पंखा 'स्विच ऑफ', नळ 'टर्न ऑफ'. 'क्लोज द फॅन' नाही. फॉर्म भरायचा तो 'फिल इन', फी भरायची ती 'पे'. 'आय फिल्ड माय फीज' असं लिहिलेले अर्ज कमी नसतात.

सावली. उन्हातून जिथे जाऊन उभं राहायचं ती 'शेड'. आपल्या मागे मागे येते ती 'शॅडो'.

मजा. सहलीला मजा आली तर सहल 'फन' होती. 'फनी' म्हटलं तर सहल हसण्यासारखी किंवा काहीतरी विचित्र होती.

आणि निघताना 'येतो' म्हणायची आपली रीत इंग्रजीत नेऊ नका. दारात उभं राहून 'आय ॲम कमिंग' म्हटलं तर समोरचा वाट बघत बसेल.

*तपासा:* प्रत्येक शब्दाची मराठीतली चाचणी स्वतःच्या शब्दांत, एका ओळीत लिहिता येते का? दोन ओळी लागत असतील तर फरक अजून हाताला लागलेला नाही. डिक्शनरीतली आणखी तीन उदाहरणं वाचा.

टप्पा 5 : घराण्याचा ढीग

शेवटी 'सी' की 'एस'. 'ॲडव्हाइस' हा 'सी'चा, तो सल्ला. 'ॲडव्हाइझ' हा 'एस'चा, तो सल्ला देणे. आधी 'द' लावून बघा, मग 'टू' लावून बघा. 'द' बसला तर नाम, म्हणजे 'सी'. 'टू' बसला तर क्रियापद, म्हणजे 'एस'. या जोडीत कान मदत करतो, कारण एकात 'स' आणि दुसऱ्यात 'झ' आहे. 'प्रॅक्टिस' आणि 'लायसन्स' यांत कान मदत करत नाही, दोन्ही रूपं एकसारखीच ऐकू येतात. ब्रिटिश पद्धतीत नाम 'सी'ने, क्रियापद 'एस'ने. अमेरिकेत 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे 'सी'ने आणि 'लायसन्स' दोन्हीकडे 'एस'ने. आपल्याकडची शाळेची पुस्तकं आणि सरकारी कागद ब्रिटिश वळणाचे आहेत. तुमच्या कॉम्प्युटरची भाषा अमेरिकन असेल तर तो बरोबर शब्दाखाली रेघ मारेल. आधी सेटिंगमध्ये 'इंग्लिश, इंडिया' निवडा.

'ॲडव्हाइस'चं अनेकवचन होत नाही आणि त्याआधी 'ॲन'ही लागत नाही. 'इन्फर्मेशन' आणि 'फर्निचर' याच पंगतीतले.

अफेक्ट आणि इफेक्ट. 'परिणाम करणे' हा 'ए'चा, 'परिणाम' ही गोष्ट 'ई'ची. इथेही 'द'ची चाचणी लागू पडते. अपवाद एकच लक्षात ठेवा: 'ई'चा शब्द क्रियापद म्हणून आला तर अर्थ होतो 'घडवून आणणे', जसं 'टू इफेक्ट अ चेंज'.

शेवटी 'इंग' की 'ईडी'. 'आय ॲम बोरिंग' म्हणजे मी कंटाळवाणा आहे. कंटाळा आला असेल तर 'बोअर्ड'. विशेषण मराठीत करून बघा: '-लेला' आला तर 'ईडी', जसं कंटाळलेला, दमलेला, गोंधळलेला. '-णारा' किंवा '-वाणा' आला तर 'इंग', जसं दमवणारा, कंटाळवाणा. ही चाचणी क्वचितच फसते.

काउन्सिलर. 'सी-आय-एल'चा तो नगरसेवक, कारण 'कौन्सिल' म्हणजे परिषद. विधान परिषदेच्या इंग्रजी नावात तीच आहे. 'एस-ई-एल'चा तो समुपदेशक. करिअर मार्गदर्शनाच्या फलकांवर नगरसेवक बसलेले अनेकदा दिसतात.

इकॉनॉमिक म्हणजे आर्थिक, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं. पर्सनलचा जोर पहिल्या अक्षरावर, अर्थ वैयक्तिक. पर्सोनेलचा जोर शेवटी, अर्थ कर्मचारी. एवढे दोन पुरेत, बाकीचे डिक्शनरीत तसेच शोधा.

टप्पा 6 : घरजावई शब्द

हे शब्द चूक नाहीत. ते कोण वाचणार यावर ठरतं. वाचणारा भारतातला असेल तर बरेचसे चालून जातात. परदेशी ग्राहक किंवा विद्यापीठ असेल तर बदला.

'हॉटेल' तिकडे राहण्याची जागा, नुसतं जेवायचं ते 'रेस्टॉरंट'. 'लाइट गेली' म्हणजे 'पॉवर कट'. 'फॅमिली' म्हणजे कुटुंब, बायको नव्हे. 'आय पास्ड आउट इन 2018' वाचून तिकडचा माणूस विचारेल की बेशुद्ध का पडलात, 'ग्रॅज्युएटेड' लिहा. 'प्लीज रिव्हर्ट'मधला 'रिव्हर्ट' तिकडे 'पूर्वस्थितीला जाणे' आहे, 'रिप्लाय' लिहा. 'आय हॅव अ डाउट' ऐकून समोरच्याला वाटतं की तुम्हाला त्याचं म्हणणं पटत नाही. प्रश्नच विचारायचा असेल तर 'क्वेश्चन'. 'प्रीपोन' आपल्याकडे रुळलेला आहे, बाहेर 'मूव्ह फॉरवर्ड'ऐवजी 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणा, म्हणजे तारीख अलीकडे येणार की पलीकडे जाणार याचा घोळ होणार नाही. 'मटण' आपल्याकडे बहुधा बोकडाचं, ब्रिटनमध्ये मेंढीचं.

टप्पा 7 : वहीतली नोंद आणि शिकण्याचा क्रम

एका शब्दाला एक पान. डावीकडे तुमचं चुकलेलं वाक्य, उजवीकडे दुरुस्ती. नोंद अशी दिसली पाहिजे:

*डावीकडे:* प्लीज सेंड द बिल टिल मंडे. (चुकीचा शब्द पेन्सिलीने लिहा, पेनाने नाही.)
*उजवीकडे, पहिली ओळ:* प्लीज सेंड द बिल बाय मंडे.
*दुसरी ओळ:* ढीग: मराठी. चाचणी: 'सोमवारच्या आत' चालतं का?
*खाली:* पुढच्या आठवड्यात खरंच लिहावी लागतील अशी दोन वाक्यं.

डावीकडे पेन्सिल अशासाठी, की शब्द पक्का झाल्यावर चूक खोडून टाकायची. चुकीचं वाक्य पेनाने लिहून महिनाभर डोळ्यासमोर ठेवलं तर तेच पाठ होतं.

जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी घेऊ नका. आधी जो जास्त लागतो तो घ्या, तो पक्का झाला की आठवड्याने दुसरा. उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी. उजळणी म्हणजे पान वाचणं नव्हे. पान झाकून नवीन वाक्य लिहायचं, मग पान उघडून ताडायचं.

*सावधान:* दिवसाला तीनपेक्षा जास्त शब्द घेतले तर एकविसाव्या दिवसाची उजळणी तुंबते आणि वही बंद पडते.

टप्पा 8 : पाठवण्याआधीची तपासणी

क्रम असाच ठेवा.

1. तारखा आणि मुदती. 'बाय', 'टिल', 'सिन्स', 'फॉर' आधी बघा. इथली चूक नुसती दिसायला वाईट नसते, त्यात माणसाची मुदत हुकते.
2. तुमचे सगळ्यात जास्त चुकणारे पाच शब्द कंट्रोल आणि एफ दाबून शोधा. जोडीतले दोन्ही शोधा; चुकीच्या जागी नेमका दुसराच बसलेला असतो.
3. प्रत्येक तुटक चिन्ह फोडून वाचा.
4. मोठ्याने वाचा.
5. स्पेलिंग तपासणारं साधन सगळ्यात शेवटी. ते आधी वापरलं तर चुकलेल्या 'डेफिनिटली'चं ते 'डिफायंटली' करून ठेवू शकतं, म्हणजे 'नक्की येईन'चं 'उर्मटपणे येईन' होतं आणि नंतर रेघ दिसत नाही म्हणून आपण निश्चिंत होतो. मोबाइलवर लिहीत असाल तर सुचवलेले शब्द आपोआप बसवण्याची सोय बंद ठेवा.

पाचांच्या यादीतला शब्द महिनाभराच्या लिखाणात एकदाही चुकला नाही की डावीकडची पेन्सिल खोडा आणि त्याच्या जागी ढिगातला पुढचा शब्द घ्या. 'टिल' मात्र घाईने खोडू नका, तो घाईच्या दिवशी हमखास परत येतो.